बाराशे रिक्वेस्ट एकेक करून पाठवायच्या, तर लूप ठेवायचा कुठे?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारे पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याची ऑनलाइन ऑर्डरींची वेबसाइट सांभाळतात. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास रोज बाराशेच्या आसपास पार्सलं वाटेत असतात. दुकानातले मॅनेजर सकाळी ‘स्टेटस अपडेट करा’ हे बटण दाबतात आणि सर्व्हरवरचा नोडचा (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय) कोड प्रत्येक पार्सलसाठी कुरिअर कंपनीच्या एपीआयला (दुसऱ्या प्रोग्रामने माहिती विचारायची खिडकी) एक रिक्वेस्ट पाठवून पार्सल कुठवर पोचलं ते विचारतो. आधी यादीतल्या प्रत्येकासाठी फंक्शन चालवणारा फॉर-ईच वापरला होता, तेव्हा कुरिअरकडून ४२९ चा (‘फार वेगाने विचारताय’) पाऊस पडायचा. मग फॉर-ऑफ आणि अवेट लावून एकेक पाठवायला सुरुवात केली. आता मिनिटभरात स्क्रीनवर ५०४ (‘उत्तर वेळेत आलं नाही’) येतो, दीडशेच्या आसपासच ऑर्डरी अपडेट झालेल्या दिसतात, आणि काही गिऱ्हाइकांना ‘तुमचं पार्सल निघालं’ हा एसएमएस दोनदा जातो. एकेक पाठवणंच चुकतंय का, सगळं प्रॉमिस डॉट ऑलमध्ये (सगळी कामं एकदम सोडून सगळ्यांची वाट बघणारं फंक्शन) टाकू का, असं त्यांनी विचारलंय.

प्रॉमिस डॉट ऑल नको. तुम्ही फॉर-ईचवरून फॉर-ऑफवर आलात ते बरोबरच केलंत, आता परत मागे जाऊ नका. फॉर-ईच आतल्या असिंक फंक्शनसाठी थांबत नाही. तो बाराशे फंक्शनं सुरू करून मोकळा होतो, आणि कुरिअरच्या सर्व्हरवर सगळ्या रिक्वेस्ट एकदमच आदळतात. प्रॉमिस डॉट ऑलनेही तेच होईल, फक्त कोड जरा देखणा दिसेल.

तुमची खरी अडचण वेगाची नाहीच. चालू असलेला लूप मिनिटभराने तुमच्या नजरेआड जातो, आणि तो कुठवर गेला याची नोंद त्याच्या स्वतःच्या मेमरीखेरीज कुठेच नसते. ५०४, दीडशेचा आकडा आणि दुहेरी एसएमएस, तिन्ही एकाच कारणाने होतंय. ते नीट उलगडून सांगतो, कारण हे एकदा कळलं की उपाय तुम्हालाच सुचेल.

एका रिक्वेस्टला साधारण ४०० मिलिसेकंद लागतात असं तुम्ही लिहिलंय. बाराशे गुणिले ०.४ म्हणजे ४८० सेकंद, आठ मिनिटं. तुमच्या नोडसमोर एन्जिनेक्स आहे, म्हणजे ब्राउझरची रिक्वेस्ट आधी घेऊन नोडकडे देणारा सर्व्हर. त्याचा प्रॉक्सी-रीड-टाइमआउट (नोडकडून काही यायची वाट बघायची मर्यादा) मुद्दाम बदलला नसेल तर ६० सेकंद असतो. साठ सेकंदांत दीडशे रिक्वेस्ट होतात, आणि तोवर नोडकडून एक अक्षरही आलेलं नसतं म्हणून एन्जिनेक्स ब्राउझरला ५०४ देऊन मोकळा होतो. पण नोडमधला लूप थांबत नाही! पलीकडचं कनेक्शन तुटलंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, तुम्ही कनेक्शन तुटल्याचं सांगणाऱ्या क्लोज इव्हेंटवर मुद्दाम कान ठेवला असेल तरच. तो बिचारा पुढे दीडशे एक, दीडशे दोन करत राहतो. विश्वास बसत नसेल तर ५०४ आल्यावर काहीही न करता दहा मिनिटांनी टेबल उघडून बघा, सगळ्या ऑर्डरी अपडेट झालेल्या सापडतील.

पण मॅनेजर दहा मिनिटं थांबत नाहीत. लाल अक्षरं दिसली की माणूस बटण परत दाबतो. समजा सत्तराव्या सेकंदाला त्यांनी परत दाबलं. तेव्हा पहिला लूप पावणेदोनशेच्या आसपास असतो. दुसरा लूप आपली ताजी यादी उचलतो, आणि त्या यादीत पावणेदोनशेच्या पुढच्या सगळ्या ऑर्डरी जुन्याच स्टेटसने असतात. मग पहिला लूप, समजा, पाचशेव्या ऑर्डरीचं स्टेटस बदलतो आणि एसएमएस पाठवतो. सत्तर सेकंदांनी दुसरा लूप तिथे पोचतो, आपल्या मेमरीतल्या जुन्या स्टेटसशी ताडून बघतो, ‘अरे, हे तर बदललंय’ म्हणतो आणि पुन्हा एसएमएस पाठवतो. पहिल्या पावणेदोनशेंना एसएमएस एकदाच गेला आणि पुढच्यांपैकी ज्यांचं स्टेटस बदललं त्यांनाच दोनदा गेला, हे तुमच्या लॉगमध्ये असंच दिसायला हवं.

एन्जिनेक्सचा टाइमआउट दहा मिनिटं केला की झालं, असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने ५०४ जाईल, पण मधेच वीज गेली, ब्राउझर बंद झाला, तुम्ही नवा कोड चढवला, की पुन्हा तेच. पीएमटू (नोडच्या प्रोसेस चालू ठेवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर रीस्टार्टच्या वेळी तो आधी इशारा देतो आणि प्रोसेस १६०० मिलिसेकंदांत बंद झाली नाही तर सरळ मारतो. आठ मिनिटांच्या लूपला दीड सेकंद कसा पुरणार?

तेव्हा बटणाने काम करायचं नाही, फक्त काम नोंदवायचं. डेटाबेसमध्ये एक टेबल करा: ऑर्डर क्रमांक, स्थिती, किती प्रयत्न झाले, पुढचा प्रयत्न केव्हा, कोणी कधी उचललं, शेवटची चूक काय आली. बटण दाबल्यावर वाटेतल्या बाराशे ऑर्डरींच्या ओळी त्यात टाका आणि लगेच २०२ (‘काम घेतलंय, नंतर होईल’) देऊन स्क्रीन मोकळी करा. न संपलेल्या कामांपुरता ऑर्डर क्रमांकावर युनिक इंडेक्स ठेवलात तर मॅनेजरांनी रागाने पाच वेळा बटण दाबलं तरी नवी ओळ पडणार नाही. लूप वेगळ्या प्रोसेसमध्ये, म्हणजे वर्करमध्ये, चालवा. तो टेबलमधून एक ओळ उचलतो, कुरिअरला विचारतो, उत्तर त्याच क्षणी लिहितो, मग पुढची ओळ. सगळी उत्तरं ॲरेमध्ये जमवून शेवटी एकदम लिहू नका. बाराशेपैकी ११९० व्या रिक्वेस्टला प्रोसेस पडली तर ११८९ उत्तरं वाऱ्यावर जातात.

ओळ उचलताना थोडी काळजी हवी. ‘फॉर अपडेट स्किप लॉक्ड’ ही सोय पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे आणि मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. तिच्यामुळे दोन वर्कर एकाच ओळीवर झडप घालत नाहीत. मात्र ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधले बदल एकत्र पक्के करायचा गठ्ठा) उघडं ठेवून कुरिअरच्या उत्तराची वाट बघत बसू नका. ओळीवर ‘उचलली, अमुक वाजता’ असं लिहा, कमिट करा (बदल पक्का करा), मग रिक्वेस्ट पाठवा. वर्कर मधेच मेला तर? ‘उचलून दहा मिनिटं झाली आणि संपली नाही’ अशी ओळ दुसऱ्या कोणीही पुन्हा घ्यावी. एवढ्या एका अटीवर सगळी यंत्रणा पडून उठते. यासाठी रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा वेगळा सर्व्हर) आणा, कामांच्या रांगेची मोठी यंत्रणा आणा असं लोक म्हणतील. रोजच्या बाराशे ओळींना डेटाबेसचं टेबल भरपूर झालं. दुकानाच्या सर्व्हरवर आणखी एक गोष्ट चालू ठेवायची म्हणजे रात्री-अपरात्री तिच्यासाठी उठायचंही तुम्हालाच.

एसएमएसचंही इथेच निस्तरता येतं. स्टेटस मेमरीत ताडू नका, अपडेटच्या अटीतच ताडा: ‘ऑर्डर अमुक, आणि सध्याचं स्टेटस नव्यापेक्षा वेगळं असेल तर बदल.’ किती ओळी बदलल्या ते डेटाबेस सांगतो. एक आली तरच एसएमएस. शून्य आली तर आपल्या आधी कोणीतरी करून गेलंय. यातही एक बारीक फट उरते: स्टेटस बदललं आणि एसएमएस जायच्या आत प्रोसेस पडली, तर तो एसएमएस कधीच जाणार नाही. ही फटही बुजवायची असेल तर एसएमएससुद्धा त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये दुसऱ्या टेबलात नोंदवा आणि तिथून पाठवा. मग उलट बाजूने क्वचित एखादा दोनदा जाऊ शकतो. दोन्हींपैकी कुठली चूक चालेल हे धंद्यावर आहे. पाठ्यपुस्तकांच्या पार्सलाला मी पहिला मार्ग घेईन, एखादा एसएमएस बुडाला तर बुडाला. औषधं असती तर दुसरा.

आता लूपच्या पोटात काय हवं ते बघू. पहिली गोष्ट टाइमआउट. नोडच्या अंगभूत फेचमध्ये (रिक्वेस्ट पाठवणारं फंक्शन) उत्तराचे हेडर यायची वाट बघायची मर्यादा ३०० सेकंद आहे. त्याच कामाच्या ॲक्सिऑस या लायब्ररीत तुम्ही दिला नाहीत तर टाइमआउट नसतोच, आणि पायथनच्या रिक्वेस्ट्स या लायब्ररीतही तीच गत. एकेक पाठवणाऱ्या लूपमध्ये एक रिक्वेस्ट अडली की मागच्या सगळ्या अडतात. फेचला अबॉर्ट-सिग्नल डॉट टाइमआउट देऊन दहा सेकंदांची मर्यादा घाला. अडलेली ओळ ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवा आणि पुढे चला.

दुसरी गोष्ट, फेच ४०४ किंवा ५०० आल्यावर एरर फेकत नाही. त्याच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे काम झालं. रिस्पॉन्स डॉट ओके तपासला नाहीत तर कुरिअरचं चुकीचं पान तुम्ही स्टेटस म्हणून साठवाल. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या टेबलात पार्सलाच्या स्टेटसच्या जागी ‘बॅड गेटवे’ लिहिलेलं मी पाहिलंय, आणि ते वेबसाइटवर मोठ्या अक्षरांत छापूनही येत होतं. शिवाय उत्तर नको असलं तरी बॉडी वाचून टाका किंवा कॅन्सल करा, नाहीतर ते कनेक्शन पुढच्या रिक्वेस्टसाठी मोकळं होत नाही.

कनेक्शनवरून आठवलं, इथेच न मागता वेग मिळतो. प्रत्येक रिक्वेस्टला नवं कनेक्शन उघडायचं म्हणजे टीसीपीची (कनेक्शन जोडायची) सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची एक फेरी, टीएलएस १.३ ची (संवाद सुरक्षित करायची) एक, म्हणजे खऱ्या रिक्वेस्टआधीच दोन फेऱ्या खर्ची पडल्या. जुनं टीएलएस १.२ असेल तर तीन. कुरिअरचा सर्व्हर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर असेल तर एका फेरीला दोनशेएक मिलिसेकंद धरा. म्हणजे सहाशेचं काम कनेक्शन उघडं ठेवून दोनशेत होतं, आणि तेही एकेक पाठवूनच. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्याहून फेरीला फारच थोडे मिलिसेकंद लागतात, तिथे या उपायाने फारसा फरक पडणार नाही. तुमचे ४०० मिलिसेकंद नक्की कशात जातात ते आधी मोजा. नोडचा फेच कनेक्शन आपोआप राखतो. जुन्या नोडवर ॲक्सिऑस वापरत असाल तर कनेक्शन उघडं ठेवणारा कीप-अलाइव्हचा एजंट हाताने द्यावा लागतो, कारण नोड १९ पासूनच तो आपोआप चालू असतो. डॉटनेटवाल्यांनी लूपमध्ये दर वेळी नवा एचटीटीपी-क्लायंट बनवू नये. बंद झालेली कनेक्शनं काही काळ पोर्ट अडवून बसतात, आणि लिनक्सवर बाहेर जाणाऱ्या कनेक्शनांसाठी मुळात अठ्ठावीस हजारांच्या आसपासच पोर्ट असतात.

मग चुका. सगळ्या चुकांना ‘परत प्रयत्न’ हा एकच इलाज लावू नका. ४२९ म्हणजे ‘फार वेगाने विचारताय’. त्यासोबत बहुधा रिट्राय-आफ्टर हा हेडर येतो, तो पाळा. त्यात कधी सेकंदांचा आकडा असतो, कधी पूर्ण तारीख-वेळ, दोन्ही वाचता आलं पाहिजे. आणि ४२९ आल्यावर ती एक ओळ थांबवून भागत नाही, सगळा लूप थांबवायचा, कारण कुरिअरने तुमच्या एका ऑर्डरीला नव्हे, तुमच्या खात्यालाच दम दिलाय. ५०२, ५०३ किंवा टाइमआउट आला तर एक, दोन, चार, आठ सेकंद अशी वाढती वाट बघा आणि त्यात थोडा यादृच्छिक तुकडा मिसळा, म्हणजे सगळे वर्कर पुन्हा एकाच क्षणी धडकणार नाहीत. पाच प्रयत्नांनंतर ओळ ‘माणसाने बघावी’ या खात्यात टाका. ४०४ आला तर ट्रॅकिंग क्रमांकच चुकलाय, शंभर वेळा विचारलंत तरी तेच उत्तर येईल. आणि ४०१ आला की लगेच थांबा. टोकन संपलंय, पुढच्या हजार रिक्वेस्टही तशाच मरणार. टोकन नवं करा आणि तिथूनच पुढे चला. बहुतेक वेळा लूप ४०१ वर न थांबता बाराशे ओळी ‘अयशस्वी’ करून ठेवतो, आणि मग त्या परत जिवंत करण्यात दुपार जाते.

तुमची रिक्वेस्ट नुसती विचारणा आहे, म्हणजे गेट. ती दोनदा गेली तरी पलीकडे काही बिघडत नाही, म्हणून हे सगळं सोपं आहे. उद्या याच लूपने पिकअप बुक करायला लागलात, तर पोस्ट (पलीकडे नवी नोंद करणाऱ्या) रिक्वेस्टला टाइमआउट आल्यावर पिकअप बुक झाला की नाही हे तुम्हाला माहीत नसतं. तिथे डोळे मिटून परत पाठवलं की दारात दोन माणसं येतात. एपीआय आयडेम्पोटन्सी-की (तीच रिक्वेस्ट पुन्हा आलीय हे ओळखायची खूण) घेत असेल तर ऑर्डर क्रमांकावरून ठरणारी की द्या. घेत नसेल तर परत पाठवण्याआधी ‘या ऑर्डरीचा पिकअप आहे का’ ते विचारून घ्या.

इथवरचं केलंत की कालपर्यंत लूपला लागणारी आठ मिनिटं कोणालाच खुपणार नाहीत, कारण स्क्रीनसमोर कोणी ताटकळत नसेल. तरीही वेग हवाच असेल, समजा बाराशेचे बारा हजार झाले, तर हिशोब साधा आहे: एका वेळी किती रिक्वेस्ट उडताहेत भागिले एकीला लागणारा वेळ. एकेक पाठवलं तर सेकंदाला अडीच, चार वर्कर ठेवले तर सेकंदाला दहा. कुरिअरची मर्यादा किती ते त्यांच्या कागदपत्रांत वाचा, आणि तिच्या निम्म्या-पाऊण वेगावरच राहा, कारण त्याच खात्यावरून तुमची वेबसाइटही गिऱ्हाइकाच्या क्लिकवर रिक्वेस्ट पाठवत असते. दहा-दहाचे गठ्ठे करून प्रॉमिस डॉट ऑल लावायची पद्धत मला आवडत नाही. सहलीच्या बसमधला एक जण टपरीवर चहा पीत बसला की सगळी बस खोळंबते, तसं गठ्ठ्यातल्या सर्वांत मंद रिक्वेस्टसाठी बाकीच्या नऊ जागा रिकाम्या बसून राहतात. शिवाय प्रॉमिस डॉट ऑल पहिल्या चुकीला हात वर करतो, पण बाकीच्या रिक्वेस्ट चालूच राहतात आणि त्यांची उत्तरं कोणी घेत नाही. गठ्ठेच करायचे तर चूक आली तरी सगळ्यांचे निकाल देणारं ऑल-सेटल्ड वापरा. त्याहून बरं म्हणजे चार वर्कर, आणि प्रत्येकाने आपापली ओळ उचलायची.

काही ठिकाणी मात्र एकेक पाठवण्याला पर्यायच नसतो. पुढच्या पानाचा टोकन आधीच्या पानाच्या उत्तरात येत असेल, किंवा एकाच खात्यावर जमा-नावे अशा नोंदी क्रमाने जायला हव्या असतील, तिथे समांतर पाठवायचा मोह टाळा. तुमच्या पार्सलांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून तुम्हाला मोकळीक आहे.

पीएचपीवर हेच करणाऱ्यांसाठी दोन ओळी. लिनक्सवर मॅक्स-एक्झिक्युशन-टाइममध्ये नेटवर्कच्या उत्तराची वाट बघण्यात गेलेला वेळ धरला जात नाही, त्यामुळे ३० सेकंदांची मर्यादा असूनही लूप कितीतरी मिनिटं चालताना दिसला तर चक्रावू नका. आणि बटण दाबल्यावर त्याच माणसाची बाकीची पानंही उघडेनाशी झाली, तर सेशनची फाइल लॉक होऊन बसलीय. लूपआधी सेशन-राइट-क्लोज करा.

हे सगळं करण्याआधी कुरिअरच्या माणसाला एक फोन मात्र करा. बऱ्याच कुरिअर कंपन्यांकडे एका रिक्वेस्टमध्ये अनेक ट्रॅकिंग क्रमांक घेणारी सोय असते. पन्नास-पन्नास घेत असतील तर तुमच्या बाराशेच्या चोवीसच रिक्वेस्ट होतात, आणि एकेक पाठवूनही काम दहा-वीस सेकंदांत उरकतं. काही जण वेबहुकही देतात, म्हणजे स्टेटस बदललं की तेच तुम्हाला कळवतात. वेबहुक मिळालं तरी दिवसातून एकदा हा लूप चालवाच, कारण तुमचा सर्व्हर बंद असताना आलेली वेबहुकं पलीकडून पुन्हा येतीलच असं नाही.

आज लगेच करण्याजोगं म्हणाल तर एन्जिनेक्समध्ये फक्त त्या एका पत्त्यासाठी टाइमआउट दहा मिनिटं करा, बटण एकदा दाबलं की डेटाबेसमध्ये वेळेसकट ‘लूप चालू आहे’ अशी खूण करा आणि अर्ध्या तासाच्या आतली खूण असेल तर दुसरा लूप सुरूच होऊ देऊ नका. फेचला दहा सेकंदांची मर्यादा घाला. तेवढ्यावर हा हंगाम निभावेल. टेबल आणि वेगळा वर्कर पुढच्या आठवड्यात. तेव्हा बटण काढून क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावायचा विचार कराल, तर तो वेबसाइटच्या प्रोसेसमध्ये लावू नका. पीएमटूच्या क्लस्टरमध्ये चार प्रोसेस असतील तर तो चारदा चालेल. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर सकाळी सहासाठी क्रॉनमध्ये ००:३० लिहा.